‘माझे हातच लहान आहेत’

गिटार शिकणाऱ्यांकडून एक तक्रार मी वरचेवर ऐकते. ‘मनापासून शिकायचंय, पण माझे हातच लहान आहेत.’ कुणाची करंगळी आखूड असते, कुणाचं बोट जुन्या फ्रॅक्चरनंतर पूर्ण वळत नाही, कुणाचे सांधे दुखतात. पुढचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: ‘सोडून देऊ का?’ या प्रश्नाकडे कसं पाहावं, ते एका बाईंच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचं गाडं एफ या कॉर्डपाशी, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या एका जुळणीपाशी, अडलं होतं.

‘हाताचाच दोष आहे, मॅडम. त्याला कोण काय करणार?’

‘एफमधल्या कोणत्या तारा वाजत नाहीत?’ मी विचारलं.

‘सगळ्याच.’

‘एकेक छेडून पाहिलीत?’

ते त्यांनी कधीच केलं नव्हतं. माणूस दुःखी असला की त्याचं बोलणं ‘सगळं’, ‘कधीच’, ‘कुठलंच’ अशा शब्दांनी भरून जातं. त्या शब्दांशी वाद घालून काही साधत नाही. मोजायला लावलं की ते आपोआप लहान होतात. पुढच्या भेटीला त्या गिटार घेऊन आल्या. एफ धरून सहावीपासून, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून, एकेक तार छेडली. सहावी, पाचवी, चौथी आणि तिसरी नीट वाजली. दुसरी मुकी होती आणि पहिली खरखरत होती.

‘दोनच,’ त्या जरा अविश्वासानं म्हणाल्या.

एफमध्ये तर्जनी सहाही तारांवर आडवी असते, म्हणून सगळे ती सारख्याच जोरानं दाबायला जातात. खरं तर तिसरी, चौथी आणि पाचवी तार पुढची बोटं दाबतातच. तर्जनीकडे उरतात पहिली, दुसरी आणि सहावी. मधला भाग सैल राहिला तरी चालतो. बोट सपाट ठेवण्याऐवजी अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करायचं, कारण तिथे मांस कमी आणि हाड जवळ असतं. दुसरी तार नेमकी सांध्याच्या घडीत सापडली तर मुकी होते, तेव्हा बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवायचं. त्या बाईंच्या दुसऱ्या तारेचं तेवढ्यानंच भागलं. पहिली मात्र खरखरतच राहिली.

मग मी त्यांना तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावर आडव्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायला सांगितला आणि कॅपोच्या पुढच्या फ्रेटपासून एफचाच आकार धरायला लावला. सहाही तारा वाजल्या. त्यांनी पुन्हा छेडून पाहिलं. कॅपो काढला, जुन्या जागी धरलं, तर पुन्हा खरखर. परत कॅपो लावला, परत स्वच्छ. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी ‘बघा, जमतंय की!’ म्हणायचा मोह आवरावा लागतो, कारण तो निष्कर्ष माणसानं स्वतः काढला तरच टिकतो. डावा हात उलटासुलटा करून बघत त्या म्हणाल्या, ‘हात तर तोच आहे.’

या वाक्यानंतर आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. ‘हात लहान आहे’ हे वरवर दुःख वाटतं, पण त्याच्या आत एक सुटकाही असते. हातालाच दोषी ठरवलं की सराव करूनही न जमण्याची नामुष्की टळते. म्हणून नुसता धीर देऊन ही माणसं हलत नाहीत. गिटारबद्दलच नव्हे, इतर अनेक बाबतींत मला हेच दिसत आलं आहे. अडचणीचा नेमका पत्ता सापडला की आड लपायची गरजही हळूहळू ओसरते.

कॅपोनं नेमकं काय बदललं? 648 मिलिमीटर स्केल लेंथच्या गिटारवर, म्हणजे नट (दांड्याच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ते ब्रिज (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तो भाग) यांमधली तारेची लांबी तेवढी असेल तर, पहिले चार फ्रेट मिळून साधारण 134 मिलिमीटरचा पसारा होतो. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की त्यापुढचे चार फ्रेट 112 मिलिमीटरमध्ये बसतात. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नटच्या खाचा उंच राहिल्या असतील तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला फार जोर लागतो, आणि कॅपो नटला बाजूलाच सारतो. हे घरी तपासता येतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटपाशी फट पाहा. कागदाच्या जाडीएवढी असेल तर ठीक. त्याहून बरीच मोठी असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून खाचा घासून घ्या. बाईंच्या गिटारचा हाच दोष निघाला.

वाद्य निवडतानाही माप बघावं. 610 मिलिमीटर स्केल लेंथची गिटार मिळते आणि ती मोठ्यांचीच गिटार आहे, त्यात कमीपणा काही नाही. क्लासिकल गिटारच्या नायलॉनच्या तारा मऊ असतात, पण तिचा नेक, म्हणजे दांडा, नटपाशी सुमारे 52 मिलिमीटर रुंद असतो. स्टीलच्या तारांच्या गिटारचा साधारण 43 ते 44. बोटं आखूड असतील तर मऊ तारांच्या लोभानं रुंद नेक गळ्यात पडतो, आणि मग दोष पुन्हा हातावर येतो. स्टीलमध्येही 12 ऐवजी 10 चा, म्हणजे अधिक बारीक तारांचा, संच लावता येतो. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली लावल्या तर ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी होतो. सांधेदुखी असलेल्यांना मी तारांपासूनच सुरुवात करायला सांगते.

बसण्याकडे फार दुर्लक्ष होतं. अंगठा नेकवरून वर डोकावला की तळहात नेकला चिकटतो आणि बोटांची पोच घटते. तो नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर ठेवा. नेकचं टोक खांद्याच्या उंचीकडे उचला, म्हणजे मनगट कमी दुमडतं. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, पण तिच्या अलीकडे पडलं पाहिजे. तिथे सर्वांत कमी जोर लागतो. ताणण्याचा सराव पाचव्या फ्रेटपासून सुरू करावा आणि हात सैल राहील तसतसा एकेक फ्रेट नटकडे सरकावा. तोवर पहिल्या चार तारांचा छोटा एफ खुशाल वाजवा. तोही एफच आहे.

बाईंनी मध्येच विचारलं होतं, ‘त्या जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची दोन बोटं जळाली होती ना? मग मलाच का जमत नाही?’ अशा उदाहरणांनी काहींना हुरूप येतो, काही आणखी खचतात. अशा वादकांच्या जिद्दीपेक्षा त्यांनी बदललं काय, ते बघावं. 1928 च्या आगीनंतर जँगोनं सोलो मुख्यतः दोन बोटांवर आणला. ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली, तेव्हा त्यानं वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे सूरही उतरवला. ज्याचं एखादं बोट वळतच नाही, त्यानं कॉर्डमधला एखादा स्वर निःसंकोच गाळावा.

बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, त्याची काळजी नको. मनगटात कळ, बोटांत मुंग्या किंवा रात्री हात बधिर होणं, यांतलं काहीही जाणवलं तर मात्र वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि शिकवणाऱ्यांना एक विनंती: विद्यार्थी ‘जमत नाही’ म्हणाला की ‘सवयीनं होईल’ म्हणण्याआधी त्याला एकेक तार छेडायला लावा आणि त्याची गिटार एकदा स्वतः वाजवून बघा.