वुडालियानचीत गरम कुंड शोधू नका

ईशान्य चीनमधल्या हार्बिनहून वुडालियानचीला एका दिवसात जाऊन, ज्वालामुखीच्या गरम कुंडात डुंबून परतता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. आणि तिथले नावाजलेले झरे थंड आहेत, २ ते ४ अंश, ऐन जुलैतही.

'ज्वालामुखी म्हणजे गरम पाणी' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वज्रेश्वरीची कुंडं कढत आहेत, पण तिथला लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. उलट वुडालियानचीचे लाओहेइशान आणि हुओशाओशान हे ज्वालामुखी १७१९ ते १७२१ दरम्यान फुटले, म्हणजे आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ आणि पहिल्या बाजीरावाच्या पेशवाईत. लाव्ह्याने बाइहे नदी अडवली, पाच तळी झाली. तरी पाणी बर्फगार! तिथल्या लाव्ह्याच्या काही गुहांत तर उन्हाळ्यातही बर्फ असतो, स्वेटर न्या.

झऱ्यांच्या पाण्यात खालून येणारा कार्बन डायऑक्साइड आणि लोह असतं. चव सोड्यात गंजका खिळा बुडवल्यासारखी. वायू आहे तोवर लोह विरघळलेलं राहतं. बाटली उघडी राहिली की वायू उडतो, हवा शिरते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. म्हणून अरुंद तोंडाची बाटली धारेखाली काठोकाठ भरा, वर पोकळी ठेवू नका, हलवू नका, लगेच झाकण लावा आणि त्याच दिवशी संपवा. चहा त्यात करू नका, काळा पडतो. पहिल्यांदा अर्धा पेलाच प्या, पोट फुगतं. 'या पाण्याने सगळे आजार जातात' म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय. लोहयुक्त सोडा आहे तो, अमृत नव्हे.

जायचं कसं? हार्बिन ते बेइआन रेल्वेने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, पुढे साठेक किलोमीटर रस्ता. दोन मुक्काम धरा. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला दाउर या तिथल्या जमातीच्या लोकांचा पाणी पिण्याचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी उसळते. खोली आधी घ्या. लाव्ह्यावर चप्पल चालत नाही, कडा कापतात.

हो, थॅलेसेमिया असेल किंवा शरीरात लोह साठत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटही नको. आणि बसचं तिकीट काढताना नीट बघा: वुडालियानची शहराचं मुख्य ठाणं छिंगशान, तळी तिथून वीसेक किलोमीटरवर. तिकीट तळ्यांच्या पर्यटनक्षेत्राचंच हवं.