ताडोब्याला जाताना : लेन्स, प्रकाश आणि धूळ

मे महिन्यात पहिल्यांदाच ताडोब्याला जातोय. माझ्याकडे साधा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. नवा कॅमेरा घेऊ का? (पुण्याचे वाचक)

नको. कॅमेरा आहे तोच राहू द्या आणि पहिल्या सफारीसाठी लेन्सही भाड्याने आणा. पुण्यात ती सहज मिळते. १००-४०० किंवा १५०-६०० यांपैकी एक पुरे. क्रॉप सेन्सरवर ४०० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) साधारण ६०० इतकं जवळचं दाखवते. ज्यात मागेपुढे होता येत नाही अशा ६०० च्या मोहात मात्र पडू नका. ताडोब्यात वाघ कितीदा तरी जिप्सीच्या रस्त्यानेच चालत येतो. तो दहा मीटरवर आला की ६०० मध्ये नुसतं तोंड मावतं.

लेन्स एक दिवस आधी आणा आणि सकाळीच पुण्याजवळचं, पक्षी पाहायचं ठिकाण असलेलं कवडीपाट गाठा. उडता बगळा फ्रेममध्ये धरता आला की हात बसला म्हणायचं.

जिप्सीत ट्रायपॉड लावता येतो का? (नाशिकच्या वाचक)

जागाच नसते. सहा पर्यटक, गाइड आणि चालक यांच्यात ट्रायपॉडचे पाय कुठे पसरणार? जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवा, एका तोंडाला चेन लावा. प्रवासात ती रिकामी न्या आणि मोहर्लीला (ताडोब्याच्या प्रवेशद्वाराच्या गावी) पोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ भरा. जिप्सीच्या दांडीवर ही पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली की दोन किलोचं ओझं हातावर येत नाही. चालकदादांना इंजिन बंद करायला मात्र आवर्जून सांगा. त्याची थरथर दांडीतून थेट लेन्समध्ये उतरते.

सकाळच्या सफारीतले माझे फोटो हललेले येतात. वाघ लांब होता म्हणून आता २ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच दुप्पट करणारा जोड) घ्यायचा विचार आहे. (ठाण्याचे वाचक)

कृपया घेऊ नका. २ एक्स दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे पाव प्रकाशच उरतो. तुमची एफ ६.३ ची लेन्स जवळजवळ एफ १३ होते. बांबूच्या सावलीत, सूर्य नुकताच वर येत असताना, ऑटोफोकस चाचपडत राहील.

फोटो हलतात ते शटर मंद पडल्यामुळे. चालत्या वाघासाठी १/१००० सेकंद धरा. बसलेला असेल आणि लेन्स पिशवीवर असेल तर १/२५० चालतं. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर गेला तर जाऊ द्या. फोटोतले दाणे घरी बसून कमी करता येतात, हललेले डोळे कशानेच परत येत नाहीत. आयएसओ वाढवायच्या भीतीने मी एका थंडीतल्या सकाळी ८०० वर अडून राहिलो आणि बछड्यांसह निघालेल्या वाघिणीचे सगळे फोटो गमावले. ती सकाळ अजून मनातून जात नाही.

आणखी एक. फोकसचा बिंदू एकच ठेवा आणि तो डोळ्यावर टेकवा. सगळे बिंदू चालू ठेवले तर ताडोब्यात कॅमेरा हमखास पुढच्या बांबूच्या काड्या पकडतो.

उन्हाळ्यात दूरचे फोटो धूसर आले. लेन्स खराब आहे का? (नागपूरच्या वाचक)

बहुधा नाही. चंद्रपूरच्या उन्हात जमीन तापली की तिच्यावरची हवा लहरत राहते. शंभर-दीडशे मीटरवरचा वाघ त्या लहरींतूनच दिसतो. तिथे महागडी लेन्सही काही करू शकत नाही. दुपारच्या फेरीत दूरचं सोडा, पाणवठ्याजवळ थांबा.

धुळीपासून कॅमेरा कसा जपायचा? (कोल्हापूरचे वाचक)

जिप्सीत लेन्स बदलायची नाही, हा एकच नियम कडकपणे पाळा. वर मोठा सुती पंचा टाका. मुक्कामी आल्यावर आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मगच काच पुसा. नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. जवळच्या दृश्यासाठी मोबाईल हाताशी असेल असं गृहीत धरू नका, कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या राखीव भागात) तो नेऊ देत नाहीत. घरात जुना कॅमेरा पडून असेल तर त्यालाच १८-५५ लावून गळ्यात ठेवा.