बारा नंबरचा पाना आहे का?

पाऊस ओसरू लागला की ताम्हिणीच्या अलीकडे-पलीकडे मातीच्या वाटांवर फोर-बाय-फोर गाड्यांची वर्दळ सुरू होते आणि पाठोपाठ हत्यारांच्या पेटीबद्दलचे प्रश्न येतात. यावेळचे पाच घेतो.

प्रश्न : नवी जिमनी घेतली आहे. १०८ नगांचा टूल सेट स्वस्तात मिळतोय. तेवढ्यात भागेल ना?

१०८ पैकी निम्मे नग स्क्रूड्रायव्हरचे बिट असतील. आकडा फुगतो, काम होत नाही. आधी सतरंजी टाकून गाडीखाली झोपा आणि बोल्ट कोणत्या नंबरचे आहेत, म्हणजे डोकं किती मिलिमीटरचं आहे, ते बघा. जपानी घराण्याच्या गाड्यांत १०, १२, १४, १७, १९ एवढ्यावर बहुतेक काम निभावतं. मेख अशी, की ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीत १२चं असतं, जर्मन पद्धतीत १३चं. बाजारातल्या कितीतरी सेटमध्ये १३ असतो आणि १२ नसतो. १३चा पाना १२च्या डोक्यावर चालवलात की डोकं गोल होतं आणि मग पक्कडीशी झटापट.

गोट्या, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट, सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टवर घसरते. त्याच नंबरांचे रिंग-फिक्स पानेही हवेत, कारण बोल्ट एका बाजूने फिरवताना दुसऱ्या बाजूचा नट धरावा लागतो.

चाकाच्या पान्याचं वेगळं सांगतो. एकदा टायरच्या दुकानात माझे नट एअर गनने असे आवळले होते, की जंगलात कंपनीच्या आखूड पान्यावर मी दोन्ही पायांनी उभा राहिलो तरी नट ढिम्म. तेव्हापासून दोन फुटी लोखंडी पाइप गाडीत असतो. पान्याच्या दांड्यात अडकवला की मनगटाच्या जोरावर नट सुटतो. एका रविवारी घरच्या पार्किंगमध्ये फक्त पेटीतल्या हत्यारांनी स्टेपनी चढवून बघा. शेजाऱ्याकडून जे मागून आणावं लागेल, ते विकत घ्या.

प्रश्न : थारसाठी चार फुटी हाय-लिफ्ट जॅक घेऊ का? फोटोत सगळ्यांच्या गाडीवर दिसतो.

फोटोतच राहू द्या. त्याला टेकायला लोखंडी बंपर नाहीतर दारांखाली बसवलेला भक्कम लोखंडी दांडा, म्हणजे स्लायडर, लागतो. कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरवर तो लावला तर बंपरच निघून हातात येईल. खाली घेताना दांडा उसळला तर जबडा मोडतो. बाटलीच्या आकाराचा छोटा हायड्रॉलिक जॅक, म्हणजे बॉटल जॅक, घ्या आणि त्याच्याखाली ठेवायला दोन इंच जाडीची, फूट-दीड फुटाची फळी. चिखलात फळीशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. थारला मागे सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा, आहे, तिथे बॉटल जॅक सरळ लागतो. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने तिथे मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

प्रश्न : रुतलेली गाडी ओढायला साखळी बरी की पट्टा?

साखळी घरी ठेवा. ती ताणली जात नाही. झटका बसला की कडी तुटते आणि लोखंड उडतं.

पट्ट्यांच्या दोन जाती, आणि दुकानात दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. पॉलिएस्टरचा पट्टा जेमतेम ताणतो, तो सावकाश ओढण्यासाठी. नायलॉनचा स्वतःच्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका ताणतो. पुढची गाडी थोडी धाव घेते, पट्ट्यात जोर साठतो आणि रुतलेली गाडी अलगद सुटते. पॉलिएस्टरला तसा हिसका दिलात तर सगळा भार थेट हुकावर येतो.

पट्ट्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट असावी. जिमनी रिकामी साधारण १,२०० किलोची, माणसं-सामान धरून दीड टन. तिला चार-साडेचार टनांचा पुरतो. १५ टनांचा घेऊन मिरवू नका, हलक्या गाडीने तो ताणलाच जाणार नाही. शॅकलवर, म्हणजे पट्टा गाडीला जोडायच्या पिनवाल्या लोखंडी कडीवर, भारक्षमता कोरलेली हवी. पाऊण इंचीवर ४.७५ टन असते. काहीच कोरलेलं नसेल तर तो शॅकल मांडव बांधायला वापरा. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर सुटत नाही.

आणि ट्रेलर ओढायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. गोळा तुटून तोफेसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं दगावली आहेत. गाडीखालच्या बारीक कड्याही ट्रकवर बांधून नेण्यापुरत्याच असतात. पट्ट्यावर मधोमध ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. व्हिडिओ काढणारा भाऊ नेहमी सगळ्यात जवळ असतो, त्याला आधी हटवा.

प्रश्न : घरी जुनी डिझेल जीप आहे. राधानगरीकडच्या शेतवाटांना काय न्यावं?

तुमचा हेवा वाटतो. बोनेट उघडलं की खालची जमीन दिसते, प्रत्येक बोल्टला हात पोहोचतो. डिझेल लाइनीत एअर शिरणं हे तुमचं नेहमीचं दुखणं असणार. एअर काढायच्या बोल्टचा पाना पेटीत टाकू नका, तारेने बोनेटच्या आतच बांधून ठेवा. तांब्याचे वायसर, एक डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, रबरी पाइप आवळायच्या जुबली क्लिपा, बाइंडिंग वायर, हॅक्सॉ ब्लेड एवढं न्या. आणि कपडे धुवायची साबणाची वडी. दगड लागून टाकी झिरपू लागली तर साबण मळून चिरेत दाबून बसवा. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, गाव गाठेपर्यंत धरतो.

प्रश्न : पेटी मागे मोकळीच ठेवली तर चालेल?

नाही. गाडी कलंडली की बॉटल जॅक डोक्यात येतो. पेटी पट्ट्याने फरशीला बांधा. हत्यारं कापडी गुंडाळीत ठेवलीत तर खडखडाटही होत नाही. फक्त ओढायचा पट्टा आणि शॅकल पुढच्या सीटखाली ठेवा, कारण ते लागतात तेव्हा मागचं दार बहुधा चिखलातच असतं.