भाजी आपल्या तेलावर राहिली पाहिजे

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही दोघे ग्रीसला गेलो होतो, तेव्हा अथेन्समधील एका लहान खानावळीत टोमॅटोत शिजवलेली फरसबी खाल्ली. तिच्यात मसाला जवळजवळ नव्हता, ती कोमटच वाढली होती आणि तरीही इतकी चविष्ट होती की घरी आल्यावर मी ती दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा निराशा झाली. अर्धा किलो फरसबीला दोन वाट्या पाणी घालून वीस मिनिटे शिजवली, तर शेंगा करकरीतच राहिल्या, त्यांचा हिरवा रंग मात्र गेला आणि तेल वर वेगळे तरंगू लागले. कृतीत अर्धा कप ऑलिव्ह तेल सांगितले होते. यजमानांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितले असताना एवढे तेल घातलेली भाजी आरोग्यदायी कशी म्हणायची? शिवाय ऑलिव्ह तेल तापवू नये असेही ऐकले आहे, ते खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण खाल्लेल्या पदार्थाला ग्रीक भाषेत ‘फासोलाकिया’ म्हणतात आणि तो ‘लादेरा’ या प्रकारात मोडतो. ‘लादी’ म्हणजे तेल (आपल्या पावाच्या लादीशी त्याचा काही संबंध नाही), म्हणून लादेरा म्हणजे तेलातल्या भाज्या. तुर्कस्तानातही असाच एक मोठा वर्ग ‘झेतिनयाली’, म्हणजे ‘ऑलिव्ह तेलाचे’, या नावाने ओळखला जातो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असल्यामुळे ग्रीक घरांतून या भाज्यांना विशेष महत्त्व आले. कडक उपासाला मात्र तेलही चालत नाही. ही फार प्राचीन परंपरा आहे अशी समजूत असेल तर एक गंमत सांगण्यासारखी आहे. फरसबी, टोमॅटो आणि बटाटा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली असून आपल्याकडे जशी ती नंतर आली, तशीच ती ग्रीसमध्येही नंतरच आली. जुने आहे ते तेल.

आता आपल्या फसलेल्या भाजीकडे वळू. ग्रीक घरांत या भाजीची पारख एका वाक्यात सांगतात : ती शेवटी ‘आपल्या तेलावर राहिली पाहिजे’. आपण रश्शाला तेल सुटले की तो झाला असे म्हणतो, त्याच्याशी याचे नाते आहे, पण येथे पातेल्यात पाणी जवळजवळ उरताच कामा नये. भाज्यांच्या अंगचे पाणी आटत जाते, टोमॅटोचा गर दाट होतो आणि तो तेलाला धरून ठेवतो, त्यामुळे शेंगांवर चकचकीत, दाटसर लेप चढतो. आपण दोन वाट्या पाणी घातल्यामुळे गर पातळच राहिला आणि तेलाला धरायला काहीच न मिळाल्याने त्याचा तवंग आला. शेंगा करकरीत राहण्याचे कारण टोमॅटोच्या आंबटपणात आहे. आम्लामुळे भाजीच्या पेशींच्या भिंती लवकर सैल होत नाहीत, म्हणून टोमॅटोत घातलेल्या फरसबीला वीस मिनिटे पुरत नाहीत. पाऊण ते एक तास द्यावा लागतो. रंग जाण्याचे दुःख मात्र करू नये. त्याच आम्लामुळे आणि उष्णतेमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग मातकट होतो. आपल्याकडे हा दोष मानतात, तिकडे भाजी नीट शिजल्याची ती खूण असते.

चार माणसांसाठी अर्धा किलो कोवळी फरसबी, दोन कांदे, लसणाच्या चार पाकळ्या, एक बटाटा आणि चार लालबुंद पिकलेले टोमॅटो घ्यावेत. जाड बुडाच्या पातेल्यात तेल जेमतेम गरम झाले की बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर दहा मिनिटे परतावा. तो मऊ, पारदर्शक व्हावा, तांबूस नव्हे. मग लसूण, अखंड किंवा अर्ध्या केलेल्या शेंगा आणि मीठ घालून शेंगा तेलात नीट घोळाव्यात. झाकण ठेवून पंधरा मिनिटांनी किसलेला टोमॅटो, बटाट्याच्या मोठ्या फोडी, चिमूटभर साखर आणि मिरपूड घालावी. पाणी अर्ध्या वाटीपेक्षा अधिक नको, तेही गरम. यानंतर पळी न फिरवता पातेले दोन्ही कानांनी धरून मधूनमधून हलवावे, म्हणजे फोडी मोडत नाहीत. शेवटची दहा-पंधरा मिनिटे झाकण तिरपे ठेवावे. हळद, मोहरी, जिरे यांचा मोह टाळावा. तिकडे पार्सली घालतात. ती न मिळाल्यास थोडा शेपू घालावा. शेपूला नाके मुरडणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की ग्रीक घरांत मटाराची अशीच तेलातली भाजी शेपूशिवाय होत नाही. आच बंद केल्यावर भाजी अर्धा-पाऊण तास मुरू द्यावी आणि कोमटच वाढावी. ती दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते, मात्र आपल्या हवेत रात्री फ्रिजमध्येच ठेवावी. थंडाव्याने तेल गोठते, म्हणून खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावी.

तेलाविषयीची आपली शंका रास्त आहे. अर्धा कप म्हणजे 120 मिलिलिटर तेल. त्यातून सुमारे 980 कॅलरी मिळतात, म्हणजे माणशी जवळजवळ 245. परंतु ग्रीसमध्ये ही भाजी तोंडी लावणे नसून तेच जेवण असते : भाजी, पाव आणि उपास नसल्यास फेटा चीज. आपण तिच्याबरोबर फोडणीची आमटी, तेल लावलेल्या पोळ्या आणि वरणभातावर तूप घेणार असाल, तर आपल्या डॉक्टरांचेच म्हणणे बरोबर ठरेल. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पद्धतीतील दोषांमुळे ते मागे घेऊन 2018 मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. तिच्यात हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांना एक्स्ट्रा व्हर्जिन तेलासह भूमध्य पद्धतीचा संपूर्ण आहार घेतल्याने लाभ दिसला. नेहमीच्या जेवणात वरून तेल ओतल्याने नव्हे. माझ्या मते चौघांना 80 मिलिलिटर तेल पुरते आणि त्या जेवणात दुसरे तेल-तूप नसावे. त्याहून कमी केले तर भाजी वाईट होणार नाही, पण ती लादेरा राहणार नाही. यजमानांच्या बाबतीत नेमके प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

ऑलिव्ह तेल तापवू नये ही समजूत या भाजीपुरती तरी निराधार आहे. पातेल्यात पाण्याचा अंश असेपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, तर चांगले एक्स्ट्रा व्हर्जिन तेल साधारण 190 अंशांच्या पुढे धुरावते. खरी काळजी बाटली घेताना घ्यावी. ‘पोमेस’ म्हणजे फळे दाबून उरलेल्या चोथ्यातून रसायनाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले तेल, आणि ‘लाइट’ हे चवीला सौम्य असते, कॅलरींना नव्हे. येथे मसाला नसल्यामुळे तेलाची किंचित कडसर, तिखट चव हाच मसाला आहे. शेंगदाणा तेलात हीच भाजी उत्तम होईल, पण ती आपली फरसबीची भाजी होईल.

प्रश्न : हीच भाजी प्रेशर कुकरमध्ये केली तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शेंगा शिजतील, पण बंद कुकरमधून वाफ फारशी बाहेर पडत नसल्याने पाणी आटणार नाही आणि बटाट्याचा लगदा होईल. घाईच असेल तर बटाटा वगळून, अगदी कमी पाण्यात एक शिट्टी करावी आणि नंतर कुकर उघडून मंद आचेवर पंधरा मिनिटे, पळीची रेघ बुडाशी क्षणभर टिकेपर्यंत, भाजी आटू द्यावी.