चेतापेशी आवडते, मग गणित का सोडायचं?

प्रश्न : मी लालबागला राहते, अकरावी सायन्सला आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. क्लासचे सर म्हणतात, नीट द्यायची तर गणित सोड, उगाच वेळ जातो. आई-बाबांनाही ते पटलंय. पण मला चेतासंस्थेचा धडा फार आवडतो. अंगात तार नसताना करंट जातो कसा, असं विचारलं तर सर म्हणाले, एवढं परीक्षेला येत नाही. डॉक्टर व्हायचं की मेंदूवर संशोधन करायचं, हेही ठरत नाही. बाबा विचारतात, संशोधनात कमाई कधी सुरू होते? काय करू?

उत्तर : सरांचं एक खरं आहे, नीटला गणिताचा पेपर नसतो. पण तू त्यांना विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो आणि त्याचं उत्तर गणिताशिवाय अर्धंच मिळतं. म्हणून आधी तोच घेऊ.

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सरकतात. चेतापेशीत काम करतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. पेशीच्या आत पोटॅशिअम जास्त, बाहेर सोडिअम जास्त. पेशीभोवतीच्या पटलातला पंप दर खेपेला सोडिअमचे 3 आयन बाहेर टाकतो, पोटॅशिअमचे 2 आत घेतो आणि हा फरक टिकवतो. पेशी स्वस्थ असताना पटलातून मुख्यतः पोटॅशिअमच झिरपतं, म्हणून आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. हा आकडा पाठ न करता वही घेऊन बस. पोटॅशिअम बाहेर 5, आत 140 धर. 5 भागिले 140 चा लॉग काढ आणि 61 ने गुण. उणे 88 येतं. सोडिअम बाहेर 145, आत 14.5 धरलंस तर अधिक 61 येतं. पेशीचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, या दोन टोकांच्या मध्ये हलतो, एवढंच! हे नर्न्स्टचं समीकरण, शरीराच्या तापमानाला बसवलेलं. लॉग तुला येतातच.

आता संदेश. कशाने तरी तो दाब उणे 55 च्या आसपास चढला की सोडिअमची दारं धडाधड उघडतात, सोडिअम आत घुसतं आणि दाब अधिक 30-40 पर्यंत जातो. मिलिसेकंदभरात ती दारं बंद होतात, पोटॅशिअम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर येते. तोवर शेजारचा पट्टा उणे 55 ओलांडून पेटलेला असतो. तुमच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘मोरया’चा घोष गर्दीतून पुढे सरकतो ना, तसं हे. माणसं जागची हलत नाहीत, प्रत्येक जण नव्याने पूर्ण आवाजात ओरडतो, म्हणून घोष शेवटपर्यंत क्षीण होत नाही. नुकताच ओरडलेला दम घेत असतो, म्हणून घोष मागे फिरत नाही. चेतातंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पदार्थाचं, आवरण असेल तर हा घोष फक्त मधल्या उघड्या फटींवर होतो आणि वेग सेकंदाला मीटरभरावरून 100 मीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

हे मोजतात कसं, ते तुला नक्की आवडेल. हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलं की एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी) नावाची तपासणी करतात. अंगठ्याच्या बुडाशी, तळव्यावर एक इलेक्ट्रोड चिकटवतात. मग मनगटाजवळ विजेचा बारीकसा झटका देतात, समजा 3.5 मिलिसेकंदांनी स्नायू हलला. तसाच झटका कोपरापाशी दिला, तेव्हा 7.5 लागले. मनगट ते कोपर अंतर 22 सेंटिमीटर. फरक 4 मिलिसेकंद, वेग सेकंदाला 55 मीटर. वजाबाकी का करायची? चेतातंतूच्या टोकापासून स्नायूपर्यंत संदेश पोचायला जो वेळ जातो, तो दोन्ही मापांत सारखाच असतो, वजाबाकीत उडून जातो. हीच युक्ती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकावर वापरली होती. ते शिकलेले डॉक्टर, आणि पुढे बर्लिनमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक झाले.

हॉजकिन आणि हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांचं नाव पुढे तुला वारंवार भेटेल. स्क्विड या समुद्री प्राण्याचा जाडजूड चेतातंतू घेऊन त्यांनी सोडिअम आणि पोटॅशिअमचा प्रवाह वेगवेगळा मोजला आणि 1952 मध्ये त्याची समीकरणं मांडली. हक्स्लींनी ती हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली. 1963 चं नोबेल त्यांना वैद्यकशास्त्राचं मिळालं, पण काम डिफरन्शिअल इक्वेशन्सचं होतं. आपल्या मुंबईतही हा विषय जुना आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबैद सिद्दीकींनी 1962 मध्ये जीवशास्त्राचं काम सुरू केलं. गरम केल्यावर लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केल्यावर पुन्हा चालू लागणाऱ्या फळमाश्यांवर त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेन्झर यांच्यासोबत 1970 च्या दशकात संशोधन केलं. अशा माश्यांच्या एका प्रकारात बिघाड सोडिअमच्या दारातच असल्याचं पुढे कळलं.

तर माझं स्पष्ट मत : गणित सोडू नकोस. आज सोडलंस तर आयआयटीचं जेईई, सीईटीचा पीसीएम ग्रुप आणि त्यातून जाणारं बायोमेडिकल इंजिनीअरिंग, ही दारं बारावीच्या आधीच बंद होतील. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेतही बायोलॉजीइतकंच गणिताला वजन असतं. तेव्हा पुढल्या वर्षी नीटसोबत आयएटी आणि नेस्ट यांचेही फॉर्म भर. नेस्ट या प्रवेशपरीक्षेतून कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञानसंस्थेत प्रवेश मिळतो, लालबागहून रोज जाऊन-येऊन करता येईल. बायोलॉजी ऑलिम्पियाडची पहिली फेरीही देऊन बघ. निवड नाही झाली तरी त्यातले प्रश्न क्लासच्या टेस्ट सिरीजपेक्षा वेगळा विचार करायला लावतात.

डॉक्टर की संशोधक, हे आज ठरवायची गरज नाही. एमबीबीएस करूनही फिजिऑलॉजीत किंवा न्यूरॉलॉजीत जाता येतं. मात्र रुग्णांत रमतेस की नाही, ते स्वतःला नीट विचार. रमत नसशील तर केवळ चेतापेशी आवडते म्हणून एमबीबीएसची वाट धरू नकोस, तिथे बाकीचंही पुष्कळ करावं लागतं.

आता बाबांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नकोस. आयसरची पाच वर्षं, मग पीएचडीची साधारण पाच-सहा. पण पीएचडी पदरमोड करून करावी लागत नाही. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, घरभाडं भत्ता वेगळा. पक्की नोकरी मात्र तिशीच्या आसपास किंवा त्यानंतरच मिळते आणि जागा थोड्या असतात. तोवर घर तुझ्या कमाईवर अवलंबून राहणार आहे का, हे तिघांनी बसून मोकळेपणी बोला. अवलंबून राहणार असेल, तर बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा विचार आधी करा. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) आणि एनसीव्हीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत चार वर्षांनी नोकरी शोधता येते, आणि त्यालाही गणित लागतं.