कर्ज काढून महागड्या कॉलेजात जावं का?

प्रश्न : मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळतोय, पण फी कर्ज काढल्याशिवाय जमणार नाही. साध्या कॉलेजात घातलं तर ती मागे पडेल का?

उत्तर : आधी कर्जाचा हिशेब मांडू. समजा, चार वर्षं दरवर्षी सुरुवातीला 25 रुपये असे एकूण 100 रुपये उचलले, व्याज वर्षाला 10 टक्के आणि शिकताना काहीच भरलं नाही, तर शिक्षण संपेपर्यंत देणं साधारण 127 ते 128 होतं. ते दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडायचं, तर एकूण 202च्या आसपास भरावे लागतात. म्हणजे दुप्पट! शिकत असतानाच दरवर्षीचं व्याज भरत गेलात, तर हाच आकडा 184च्या आत राहतो. तेवढी ओढाताण झेपत असेल तर जरूर करा.

कॉलेज 'सरासरी पगार' सांगतं, तिथेच बरेच पालक फसतात. नऊ जणांना वर्षाला 4 लाख आणि एकाला 24 लाख मिळाले तरी सरासरी 6 लाख येते. प्रत्यक्षात 6 लाख कुणालाच मिळालेले नसतात. म्हणून मधला आकडा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार विचारा, आणि किती जणांना नोकरी लागलीच नाही तेही. महिन्याचा हप्ता त्या मधल्या मासिक पगाराच्या सातव्या हिश्शाहून जास्त होत असेल, तर आमचं मत साध्या कॉलेजच्या बाजूने.

मागे पडण्याचं म्हणाल, तर हप्त्याच्या धाकाने नावडती नोकरी धरून बसणं हेही मागे पडणंच. निर्णयाआधी हा हिशेब मुलीसमोर ठेवा. फेडायचं तिलाच आहे.