'एथनिक-रेशल आयडेंटिटी' म्हणजे वांशिक अस्मिता का?

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'एथनिक-रेशल आयडेंटिटी डेव्हलपमेंट'ला 'वांशिक अस्मितेचा विकास' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. मला तिन्ही शब्द खटकतात.

आधी अस्मिता. मराठीत ती दुखावते, पेटते, तिच्यावर घाला येतो, म्हणजे ती आधीपासून तयारच असते आणि बहुतेकदा अख्ख्या समूहाची असते. इथे बरोबर उलटं आहे. मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांनी १९८९ मधे या आयडेंटिटीचे जे टप्पे मांडले त्यात पहिल्या टप्प्यातल्या मुलाने आपण कोण याचा विचारच केलेला नसतो, मग कधीतरी प्रश्न पडायला लागतात, घरच्यांना खोदून विचारणं, वाचणं सुरू होतं आणि हळूहळू त्याचं त्याला उमगतं. एकेका मुलाच्या मनातला मामला आहे हा, त्याला साधं 'ओळख' बरं.

'वांशिक' एकट्याने पुरत नाही कारण रेशल आणि एथनिक दोन्हीला आपण तोच वापरतो. तिकडे शाळेच्या फॉर्मवर बरीच वर्षं दोन वेगळे प्रश्न असायचे, आधी हिस्पॅनिक (म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक देशांतले) आहात का, मग वंश कोणता. आता मेक्सिकन घरातली १४ वर्षांची मुलगी पहिल्याला पटकन हो म्हणेल आणि दुसऱ्यापाशी अडेल, कारण गोरी, काळी, आशियाई यातलं काहीच तिला आपलं वाटत नाही. २०२४ मधे सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरवलं. अभ्यासकांनी जोडशब्द केला तोही याचसाठी, रंगावरून मिळणारी वागणूक आणि घरची भाषा, रीतभात हे मुलांच्या जगण्यात सुटं करता येत नाही. म्हणून 'वांशिक-सांस्कृतिक ओळख' म्हणा. 'वांशिक-जातीय' कृपा करून नको, वाचक भलतीकडेच जाईल.

आणि विकास कशाला, ओळख घडते की! फक्त 'ओळखीची जडणघडण' लिहू नका, ओळखीपाळखीची वाटते. 'ओळख कशी घडते' असं सरळ वाक्यच करा.

लेखात पुढे संशोधक उमान्या-टेलर यांचा आयडेंटिटी प्रोजेक्ट, म्हणजे मुलांना अशी ओळख शोधायला मदत करणारा हायस्कूलच्या वर्गातला आठ आठवड्यांचा कार्यक्रम, आला तर 'एक्सप्लोरेशन' आणि 'रिझोल्यूशन' भेटतीलच. पहिल्याला 'शोध' पुरे. दुसऱ्याला, म्हणजे आपण कोण हे उमगण्याला, डिक्शनरीतलं 'ठराव' तर नाहीच, 'निराकरण'ही नको, तक्रार मिटवल्यासारखं वाटतं, मी 'उलगडा' लिहीन.